कपाटातले घड्याळ मनगटावर

सुखवस्तू घरांच्या कपाटात बहुधा एक घड्याळ असे असते, जे वेळ पाहण्यासाठी कधी वापरलेच जात नाही. कोणाला ते लग्नात सासरकडून मिळालेले असते, कोणी बढतीच्या आनंदात स्वतःच घेतलेले असते, तर कोणाच्या हाती ते वडिलांच्या पश्चात आलेले असते. पातळ सोनेरी केस, साधी पांढरी तबकडी, दोन किंवा तीन काटे आणि काळा चामडी पट्टा. लग्नसमारंभ, पाडवा किंवा कार्यालयातला एखादा खास कार्यक्रम आला की ते बाहेर निघते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मखमली डबीत जाते. रोजच्या धावपळीसाठी मनगटावर दुसरेच स्वस्त घड्याळ असते. लाखभर किंवा त्याहूनही अधिक किमतीची ही वस्तू रोज वापरली, तर नेमके काय बिघडेल?

या घड्याळांना ‘ड्रेस वॉच’ म्हणतात. समारंभाच्या पोशाखावर शोभावे आणि शर्टाच्या बाहीखाली अलगद सरकावे, ही त्यांच्याकडून पहिली अपेक्षा. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने १९३२ साली आणलेले ‘कॅलाट्राव्हा’ हा या प्रकाराचा आदर्श मानला जातो. त्याच वर्षी ही कंपनी स्टर्न बंधूंच्या ताब्यात आली. वर्तुळाकार केस, स्वच्छ तबकडी आणि अनावश्यक काहीही नाही, हे त्याचे रूप आजही प्रमाण समजले जाते. भारतात टायटनने २००२ मध्ये ‘एज’ हे अवघ्या ३.५ मिलिमीटर जाडीचे क्वार्ट्झ घड्याळ आणले, तेही याच परंपरेतले. मात्र हा सडपातळपणा फुकट मिळत नाही. केस पातळ करायची तर धातू कमी, काच पातळ आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांना जागाही कमी. रोजच्या वापराचे बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात.

पहिला प्रश्न ओरखड्यांचा. अठरा कॅरट सोन्यात ७५ टक्के सोने असते. ते शुद्ध सोन्यापेक्षा कणखर असले, तरी टेबलाची कड, लॅपटॉपची धातूची पट्टी किंवा लोकलमधला दांडा यांच्या घर्षणाने त्यावर बारीक रेषा उमटतातच. शहरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. काठिण्याच्या मोह्‌स मापावर त्यांचा क्रमांक ७ आहे आणि सोने, पोलाद हे दोन्ही त्याच्या खाली येतात. काच मात्र आता बहुधा कृत्रिम नीलमाची असते. तिचा क्रमांक ९ असल्याने तिच्यावर सहसा ओरखडा पडत नाही, पण कडेवर नेमका आघात झाला तर तिचा टवका उडू शकतो. ओरखडे पॉलिशने घालवता येतात खरे, पण प्रत्येक पॉलिशबरोबर थोडा धातूही जातो आणि केसच्या रेखीव कडा बोथट होतात. म्हणूनच जुनी घड्याळे जमवणारे चकचकीत केलेल्या घड्याळापेक्षा ओरखडे असलेले, पण मूळ आकार टिकवलेले घड्याळ अधिक मोलाचे मानतात.

दुसरा शत्रू पाणी. मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ असे कोरलेले असते आणि तिथेच अनेकांची फसगत होते. हा आकडा प्रयोगशाळेत स्थिर पाण्याचा दाब देऊन ठरवलेला असतो. ते घालून पोहावे असा त्याचा अर्थ नव्हे. हात धुताना उडालेले शिंतोडे किंवा चार थेंब पाऊस एवढेच ते सोसू शकते. रबरी कडीही काळाबरोबर कडक होतात. चावीच्या घड्याळात तर चावी रोज फिरवावी लागते, त्यामुळे तिथले रबर लवकर झिजते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात काचेच्या आत बाष्प दिसले, तर ते आपोआप सुकेल म्हणून वाट पाहणे महागात पडते. आतल्या पोलादी भागांना गंज चढायला वेळ लागत नाही. घड्याळ त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. यांत्रिक घड्याळाचे हृदय म्हणजे बॅलन्स व्हील आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक स्प्रिंग. आजची अनेक यंत्रे तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे वर्षाला सुमारे २५ कोटी. मोबाइलचा स्पीकर, लॅपटॉपचे झाकण, पर्सचे चुंबकी बटण यांच्या अगदी निकट सान्निध्यात ही स्प्रिंग चुंबकित होऊ शकते. मग तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागते. घाबरण्याचे कारण नाही, कारण छोट्या यंत्राने हे चुंबकत्व काही क्षणांत उतरवता येते. सिलिकॉनची स्प्रिंग असलेल्या नव्या घड्याळांत ही अडचण उद्भवत नाही. बाकीच्यांनी एक सवय लावून घ्यावी: रात्री घड्याळ मोबाइलवर किंवा त्याला चिकटवून ठेवू नये.

धक्क्यांबाबत मात्र भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. बॅलन्स व्हीलच्या नाजूक टोकांना स्प्रिंगचा आधार देणारी ‘इन्काब्लॉक’सारखी योजना १९३० च्या दशकातच आली. त्यामुळे दार लोटताना लागलेला किरकोळ धक्का आधुनिक ड्रेस वॉच सहज पचवते. क्रिकेटची बॅट, व्यायामशाळा आणि मोटारसायकलचा दीर्घ प्रवास मात्र टाळलेला बरा.

नाजूक घड्याळ आणि धसमुसळे आयुष्य यांचा मेळ घालण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न भारताशी जोडलेला आहे. येगर-लकुल्त्र या स्विस कंपनीचे ‘रिव्हर्सो’ हे आज अस्सल ड्रेस वॉच मानले जाते, पण कंपनीच्या इतिहासानुसार त्याचा जन्म पोलोच्या मैदानाने घडवला. ब्रिटिश अंमलातल्या भारतात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत असत. त्यांची ही तक्रार सेझार द ट्रे या व्यावसायिकाच्या कानी आली आणि त्यातून चौकटीत सरकून उलटी फिरणारी केस आकाराला आली. १९३१ च्या मार्चमध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. खेळताना काच आत आणि धातूची पाठ बाहेर, खेळ संपला की पुन्हा तबकडी वर. हे घड्याळ डबीत ठेवण्यासाठी नव्हे, तर हातावर टिकण्यासाठी घडवले गेले होते.

कपाटात ठेवल्याने तरी घड्याळ सुरक्षित राहते का? ओरखड्यांपासून राहते, काळापासून नाही. आतले वंगण घड्याळ थांबलेले असले तरी जुने होतच असते. वर्षानुवर्षे न चाललेले घड्याळ एकदम चावी देऊन चालवले, तर सुकलेल्या तेलावर चाके घासली जातात. दमट हवेत चामडी पट्ट्याला बुरशी येते ती वेगळीच. यांत्रिक घड्याळाची साधारण दर चार-पाच वर्षांनी सफाई करावी, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. हा खर्च मोठा असतो आणि घड्याळ घेताना त्याचा विचार फारच थोडे लोक करतात. रोज घालणाऱ्याला बिघाड लवकर तरी कळतो, डबीत ठेवणाऱ्याला तो नेमका लग्नाच्या सकाळी कळतो.

तेव्हा रोज वापरायचेच तर थोडी शिस्त हवी. चावी रोज ठरावीक वेळी, घड्याळ हातातून काढून द्यावी आणि अडल्याची जाणीव होताच थांबावे. घामाचा आणि पावसाचा काळ असेल तेव्हा मूळ पट्टा काढून साधा पट्टा लावावा, कारण पट्टा हा बदलण्यासाठीच असतो. घरी आल्यावर मऊ कोरड्या कापडाने केस पुसावी. धुवाधार पावसाच्या दिवशी त्याला खुशाल सुट्टी द्यावी.

एका पिढीपूर्वी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला हा प्रश्न पडलाच नव्हता. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि चावीचे ‘जनता’ असंख्य मनगटांवर पोहोचले. साधी तबकडी, चामडी पट्टा, रोज सकाळी चावी. रूपाने तेही समारंभाचेच घड्याळ होते, पण घरात घड्याळ एकच असल्यामुळे तेच कचेरीत जाई, तेच लग्नाला आणि तेच बाजारात. कंपनीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी त्यातली कित्येक घड्याळे आजही टिकटिकत आहेत. त्यांच्या काचांवरचे ओरखडे कोणी मोजत नाही. मुलांना आठवतो तो रोज सकाळी चावी देणारा वडिलांचा हात. महागड्या घड्याळाच्या वाट्याला असे आयुष्य येणार की नाही, हे त्याच्या किमतीवर नाही, ते मनगटावर चढते की नाही यावर अवलंबून आहे.