नर मारणारे जिवाणू

सामोआच्या सवाई आणि उपोलू या बेटांवर २००१ साली मोठा चांदवा या फुलपाखराचा नर अगदी विरळा झाला होता. शंभर फुलपाखरांमागे जेमतेम एक. माद्या अंडी भरपूर घालत, पण त्यांतली निम्मी फुटतच नसत. ज्या अंड्यांतून नर यायचा, तो आतच मरत असे. हे काम वोल्बाकिया नावाच्या जिवाणूचे. तो कीटकाच्या पेशींच्या आत राहतो आणि अंड्यावाटे आईकडून पिल्लांकडे जातो. शुक्राणूतून त्याला पुढे जाता येत नाही, म्हणजे नराच्या शरीरात शिरलेल्या वोल्बाकियाचा वंश त्या नराबरोबरच संपतो. या जिवाणूच्या वागण्यातले क्रौर्य आणि सौम्यपणा या दोन्हींचा उलगडा या एकाच गोष्टीतून होतो, असे मला वाटते.

नर मारून जिवाणूला काय मिळते? काही ढालकिड्यांमध्ये नुकत्याच बाहेर आलेल्या बहिणी न फुटलेली भावांची अंडी खातात. भाऊ मेला की बहिणीला अन्न मिळते, आणि बहिणीच्या पोटात जिवाणू जगतो. डासांमध्ये वोल्बाकियाची चाल निराळी आहे. हर्टिग आणि वोल्बाक यांना हा जिवाणू १९२४ साली क्युलेक्स डासांत दिसला, पण त्याची करामत कळायला १९७१ उजाडले. लागण झालेल्या नराच्या शुक्राणूंत तो जणू विष पेरून ठेवतो आणि त्यावरचा उतारा फक्त लागण झालेल्या मादीच्या अंड्यात असतो. अशा नराशी निरोगी मादीचा संग झाला, तर तिची अंडी वाया जातात. लागण झालेल्या माद्यांना मात्र कुठल्याही नराचे भय नाही, त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या त्यांचाच वंश वाढत जातो.

यजमानाला छळणारा जीव शेवटी स्वतःच बुडेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. मादीची अंडी घटली तर जिवाणूचाही वंश घटतो, म्हणून तिला होणारा त्रास उत्क्रांतीत कमी होत जातो. कॅलिफोर्नियातल्या एका फळमाशीत वोल्बाकिया १९८०च्या दशकात वर्षाला सुमारे शंभर किलोमीटर वेगाने पसरला. तेव्हा प्रयोगशाळेत लागण झालेल्या माद्या निरोगी माद्यांपेक्षा १५ ते २० टक्के कमी अंडी घालत. वीस वर्षांतच चित्र पालटले आणि त्या सुमारे १० टक्के जास्त अंडी घालू लागल्या. हा बदल जिवाणूत झाला होता. नराचे तसे नाही; त्याचे रक्षण करण्यात जिवाणूचा काडीचाही फायदा नाही. मग नर संपून सगळी जातच नामशेष का होत नाही? कारण कीटकही बदलतो. सामोआत २००६च्या सुमारास नरांचे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. जिवाणू माद्यांत होताच, पण त्याची मारक शक्ती रोखणारे जनुक सुमारे दहा पिढ्यांत सगळीकडे पसरले होते. नैसर्गिक निवडीचा इतका वेगवान दाखला क्वचितच मिळतो.

जिवाणूच्या या बदलत्या वागण्याचा डेंगीच्या नियंत्रणाशी थेट संबंध आहे. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात वोल्बाकिया निसर्गतः आढळत नाही. शास्त्रज्ञांनी तो फळमाशीतून काढून या डासात घातला. तो आत असला की डेंगीचा विषाणू डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंगीचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटले, आणि पुद्दुचेरीच्या रोगवाहक कीटक संशोधन केंद्रातही असे डास तयार झाले आहेत. मी या उपायाच्या बाजूने आहे. पण विषाणू रोखणे ही आपली गरज आहे, जिवाणूचे हित मादीच्या अंड्यांत आहे. विषाणू न रोखताही त्याचा वंश चालत राहत असेल, तर ही क्षमता कालांतराने क्षीण होऊ शकते. म्हणून असे डास आपल्या शहरांत सोडायचे ठरले, तर दर काही वर्षांनी ते पकडून विषाणूला अजून रोखतात का, ही तपासणी योजनेत आणि तिच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरली पाहिजे.