लग्न कधी? एकाच प्रश्नाभोवती फिरणारे दोन मराठी सिनेमे. 'स्थळ' आणि 'साबर बोंडं' वेगळे का ठरले?

नाव काय? शिक्षण किती? उंची किती? मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांचे हे प्रश्न विदर्भातल्या घराघरांत पाठ आहेत. २०२५ मध्ये थिएटरमध्ये आलेल्या दोन स्वतंत्र मराठी सिनेमांनी लग्नाच्या याच दडपणाची गोष्ट सांगितली.

'स्थळ'ची गोष्ट काय?

दिग्दर्शक जयंत सोमलकर यांचा हा सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो. कलाकार बहुतेक गावातलेच, बोलीही इथलीच. कापूस उत्पादक शेतकऱ्याची मुलगी सविता (नंदिनी चिकटे) हिला शिकून स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. पण स्थळं येत राहतात, तेच प्रश्न विचारले जातात आणि सावळ्या रंगामुळे नकार येत राहतो. वडिलांसमोर कापसाचा भाव आणि हुंडा, असा दुहेरी पेच. सुरुवातीच्या स्वप्नात मात्र उलट घडतं: बायका मुलाला 'पाहायला' जातात. तिथे हसू येतं, पुढे तेच प्रश्न टोचायला लागतात.

'साबर बोंडं'मध्ये काय आहे?

रोहन कानवडे यांच्या सिनेमात मुंबईत राहणारा आनंद (भूषण मनोज) वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात. तो समलिंगी आहे, हे आईला ठाऊक आहे. बालमित्र बाळ्या (सूरज सुमन) याच्या सोबतीत त्याचं दुःख हलकं होतं. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही.

बदल कुठे दिसतो?

भाषणात नाही, नजरेत. सवितासमोर बसलेले लोक तिची पारख करतात. बाळ्या आनंदला काही सिद्ध करायला लावत नाही. माणूस जोखला जाणं आणि समजून घेतला जाणं, यातला फरक हे दोन सिनेमे दाखवतात.

मग पोहोचायला उशीर का?

'स्थळ'ला २०२३ मध्ये टोरंटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला, पण प्रदर्शन ७ मार्च २०२५ ला झालं. 'साबर बोंडं'ने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्समध्ये वर्ल्ड सिनेमा ड्रामा गटाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार जिंकला. भारतात तो १९ सप्टेंबरला आला. स्टार नसलेल्या सिनेमाला वितरक सहज मिळत नाही. 'स्थळ'मागे प्रस्तुतकर्ते म्हणून सचिन पिळगावकर, तर 'साबर बोंडं'मागे राणा दग्गुबाती यांची स्पिरिट मीडिया उभी राहिली.

प्रेक्षकांनी काय करावं?

पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. असा सिनेमा लागला की 'नंतर बघू' न म्हणता त्याच आठवड्यात तिकीट काढा.