बेडकांच्या साथीचा प्रयोग

९ मार्च २०२०पासून सौदीतल्या शाळा बंद झाल्या आणि लेकीचं समूहगीत आमच्या जुबैलच्या हॉलमध्ये आलं. पहिल्याच ऑनलाइन तालमीत सगळी मुलं एकदम गायली, आणि नुसता कल्लोळ! प्रत्येकाचा आवाज इंटरनेटवरून क्षणभर उशिरा पोचतो. तेवढ्यात ताल गेलाच. मग बाईंनी तानपुरा आणि ठेका पाठवला. तो कानात ऐकत प्रत्येकानं एकट्यानं गायचं, आवाज नंतर जोडायचे. एसी बंद, कुकर बंद. (पूर्वाश्रमीची शिक्षिका मी, मलाच घरात ‘शांत बस’ ऐकावं लागलं.)

नाटकात एन्ट्री म्हणजे कॅमेरा सुरू, एक्झिट म्हणजे बंद. आमच्या सूत्रधाराची मात्र खरीच फायनल एक्झिट झाली. वडिलांची नोकरी गेली, ‘वंदे भारत’च्या विमानानं कुटुंब परतलं. दुसरा मुलगा घ्या, असं मीच सुचवलं. मुलांनी साफ धुडकावलं. भारत अडीच तास पुढे. आमची पाचची तालीम त्याच्याकडे साडेसातला. आजीच्या गावी घरात रेंज नाही, म्हणून तो गच्चीवर जायचा. प्रयोगाच्या दिवशी तिकडे पाऊस नुकताच थांबलेला, निवेदनाच्या मागे बेडूक. रेकॉर्डिंगमधून ते काढता आले असते. बाईंनी काढले नाहीत.