सर्वेक्षण आले म्हणजे खाण आली असे नव्हे
चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी समजून घ्यावा असा हिशेब

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या आठवडी बाजारांत अधूनमधून एक बातमी वाऱ्यासारखी पसरते. अमुक गावाच्या जंगलात साहेब लोक आले, पाठीवर यंत्र, हातात दांडा, झाडांना रंगाच्या खुणा, म्हणजे तिथे खाण निघणार! मग रस्त्याकाठच्या जमिनीचे भाव चढतात. कोणी ट्रकसाठी कर्ज काढतो, कोणी गाळ्याची पगडी देऊन बसतो. पावसाळा येतो, यंत्रवाले निघून जातात आणि कर्जाचा हप्ता मात्र राहतो.

माझा धंदा कापडाचा. खाणीशी माझा संबंध ग्राहकांपुरता. पण आलापल्ली, अहेरी, एटापल्लीकडचे छोटे दुकानदार मालाला येतात तेव्हा विचारतात, "चाचा, तिकडे माल भरू का?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ही यंत्रवाली माणसे नेमके काय मोजतात आणि त्यांच्या मोजण्यातून काय सिद्ध होते, हे आधी कळायला हवे. व्यापारी बंधूंसाठी ते सोप्या शब्दांत मांडत आहे.

जुना धडा : लोहारा

आपल्या भागातील खनिजाची कीर्ती नवी नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात आहे. इंग्रजांच्या काळात चांदा जिल्ह्यातील लोहारा आणि पिंपळगाव येथील लोहखनिजाची चर्चा झाली. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या तज्ज्ञाचा अहवाल निघाला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ, असा तो मेळ होता. जमशेटजी टाटा यांनी हा अहवाल वाचला आणि पोलादाचा कारखाना काढण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

पुढे काय झाले? वरोऱ्याचा कोळसा तपासला तेव्हा तो पोलादाच्या भट्टीला लागणाऱ्या कोकसाठी नालायक ठरला. १९०४ साली टाटांच्या वतीने अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड चांद्याच्या जंगलात फिरले. खनिज चांगले होते, पण मोठा कारखाना वर्षानुवर्षे चालवण्याइतका साठा आणि सोयीचा कोळसा यांचा मेळ बसला नाही. त्याच सुमारास भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजमधील लोहखनिजाची माहिती टाटांना कळवली आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याचा डोंगर जागेवरच राहिला.

यातला धडा साधा आहे. वर दिसते ते खनिज, आत किती आहे तो साठा, आणि विकून पैसा उरतो ती खाण. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वेक्षण पहिलीकडून दुसरीकडे जाण्याचा रस्ता दाखवते. तिसरीबद्दल ते काही सांगत नाही.

न खोदता जमिनीत डोकावणे

खोल भोक पाडणे, म्हणजे ड्रिलिंग, हे फार खर्चाचे काम. म्हणून भोक कुठे पाडायचे हे ठरवण्यासाठी आधी भूभौतिक सर्वेक्षण करतात. जंगलात ठरावीक अंतरावर सरळ समांतर रेषा आखतात. दोन रेषांमध्ये पन्नास-शंभर मीटर, आणि रेषेवर दर दहा-वीस मीटरला एक खुंटी. प्रत्येक खुंटीपाशी थांबून मोजमाप घेतात. यात मुख्य पद्धती तीन.

पहिली चुंबकीय. पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे. तिचे बल नॅनोटेस्ला या मापात मोजतात आणि आपल्या भागात ते चाळीस ते पंचेचाळीस हजारांच्या दरम्यान भरते. खाली मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असेल तर हा आकडा शेकड्यांनी, कधी हजारांनी बदलतो. स्वीडनमध्ये सतराव्या शतकापासून होकायंत्राच्या सुईने लोहखनिज शोधत. आज तेच काम मॅग्नेटोमीटर करतो. त्याच्या एका प्रकारात बाटलीत रॉकेलसारखे द्रव आणि भोवती तारेचे वेटोळे असते. हे यंत्र धरणाऱ्या माणसाच्या अंगावर किल्ल्या, चाकू, लोखंडी बक्कल, मोबाइल काहीही चालत नाही. शिवाय पृथ्वीचे बल दिवसभरात आपोआप कमी-जास्त होते. म्हणून एक यंत्र तळावर एका जागी ठेवून त्याचा चढउतार बाकीच्या आकड्यांतून वजा करतात. रोजची रोकड जुळवल्याशिवाय वही बंद करायची नाही, तसेच हे.

दुसरी विजेची. बोअरवेलची जागा पाहणारे लोक जमिनीत चार सळ्या ठोकतात, हे आपण पाहिले असेल. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोनांत दाब मोजायचा. सळ्यांतील अंतर वाढवले की वीज अधिक खोल जाते. तांब्यासारख्या धातूच्या गंधकयुक्त खनिजासाठी एक पाऊल पुढे जातात. वीज अचानक बंद करतात आणि जमिनीतला दाब किती वेळाने उतरतो ते पाहतात. धातूचे कण खडकात विखुरलेले असतील तर जमीन थोडा वेळ विजेचा भार धरून ठेवते. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथील तांब्याची नोंद सरकारी भूशास्त्रज्ञांच्या अहवालांत कित्येक दशकांपासून आहे. तशा खनिजाला ही पद्धत लागू पडते.

कापडवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. विजेची ही पद्धत धंद्यात आणणारे कॉनराड आणि मार्सेल श्लुम्बर्गर हे भाऊ फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरील अल्सास प्रांतातल्या एका कापड-उद्योगातील घराण्याचे. कॉनराड यांनी १९१२ च्या सुमारास प्रयोग सुरू केले आणि पुढल्याच वर्षी सर्बियातील बोर येथे तांब्याच्या खनिजाचा माग काढला. १९१९ साली वडील पॉल यांनी मुलांच्या संशोधनासाठी स्वतःचे भांडवल दिले. कापडातला पैसा असा जमिनीच्या पोटात गेला आणि त्यातून जगातील एक मोठी कंपनी उभी राहिली.

तिसरी पद्धत गुरुत्वाची. हिला तराजू म्हणायला हरकत नाही. साधा खडक पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो, चांगले हेमेटाइट लोहखनिज सुमारे पाच पट. खाली जड माल असेल तर त्या जागी पृथ्वीची ओढ किंचित वाढते. पण हा फरक इतका बारीक की यंत्र एक मीटर वर उचलले तरी आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक खुंटीची उंची आधी काटेकोर मोजावी लागते. सुरजागडचे खनिज मुख्यतः हेमेटाइट आहे आणि हेमेटाइट मॅग्नेटाइटच्या मानाने फारच कमी चुंबकीय असते. एकट्या मॅग्नेटोमीटरवर विसंबून चालत नाही, ते यासाठीच.

यंत्र काय सांगत नाही

यंत्र 'येथे लोखंड आहे' असे कधीही म्हणत नाही. 'येथील जमीन शेजारच्या जमिनीपेक्षा वेगळी आहे' एवढेच ते म्हणते. चुंबकाचा आकडा काळ्या बेसाल्ट दगडामुळेही चढतो. विजेचा भार तांब्याचे खनिज धरते तसे ग्रॅफाइटही धरते, आणि तांब्याचा अंश नसलेले पायराइटही, ज्याला लोक मूर्खांचे सोने म्हणतात. काही चिकणमातीसुद्धा फसवते. म्हणून सर्वेक्षणाच्या नकाशावर लाल डाग दिसला की तिथे भोक पाडायचे, आतून दगडाची कांडी काढायची आणि प्रयोगशाळेत तिचा कस पाहायचा. बहुतेक लाल डाग येथेच विझतात. यात सर्वेक्षण करणाऱ्याचा दोष नाही. कमी खर्चात 'नाही' हे उत्तर मिळवणे हेही त्याचे कामच आहे.

कागदाच्या पायऱ्या

सरकारी भाषेत शोधाच्या चार पायऱ्या आहेत. जी-४ म्हणजे धावती पाहणी, जी-३ प्राथमिक, जी-२ सर्वसाधारण आणि जी-१ तपशीलवार शोध. आकडा जितका लहान तितकी खात्री जास्त. आपल्या भागासाठीची बरीचशी सरकारी यंत्रणा नागपुरातच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, भारतीय खाण ब्युरो आणि शोधकाम करणारी सरकारी कंपनी एमईसीएल, सर्व तिथे आहेत.

१९५७ च्या खाण व खनिज कायद्यात २०१५ साली बदल झाला आणि अशा मोठ्या खनिजांचे गट लिलावाने देणे सुरू झाले. यात 'संयुक्त परवाना' असा एक प्रकार आहे. आधी शोध घ्या, साठा सिद्ध करा, मग खाणपट्टा मिळेल. २०२३ साली सुरजागड परिसरातील आणखी लोहखनिज गट राज्य सरकारने अशाच परवान्यावर लिलावात दिले. म्हणजे लिलाव झाला तरी खाण झाली असे नव्हे.

जंगलाचेही तसेच. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. केंद्राच्या अटी पाळून केलेले सर्वेक्षण आणि शोधकाम आता 'वनेतर वापर' धरले जात नाही. यामुळे यंत्रवाल्यांचा प्रवेश सोपा झाला. खाणीसाठी मात्र वनजमिनीची मंजुरी, पर्यावरण मंजुरी आणि ग्रामसभेच्या हक्कांचा प्रश्न हे सर्व पुढे उभेच आहे. गडचिरोलीत हा प्रश्न लहान नाही. सामूहिक वनहक्क मिळवणारे मेंढा (लेखा) हे गाव याच जिल्ह्यातले, २००९ सालचे. एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा येथे नव्या खाणींविरुद्ध २०२३ साली अनेक महिने आंदोलन चालले. ज्या डोंगरात माडिया बांधवांचा ठाकूरदेव आहे, तिथे झाडावर मारलेली रंगाची एक खूणही त्यांना घर गेल्यासारखी वाटते. आपण त्यांच्याशी व्यापार करतो. 'आता खाण येणारच' असे खात्री नसताना त्यांना सांगून घाबरवणे, किंवा त्याच भीतीवर त्यांची जमीन स्वस्तात घेणे, हा व्यापार नव्हे.

सुरजागडचा हिशेब

तारखा पाहा. सुरजागडच्या सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला २००७ साली मिळाला. उत्खनन सुरू झाले २०१६ साली. त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथील कित्येक डझन वाहने जाळली आणि काम थांबले. मोठ्या प्रमाणावर काम सुरळीत झाले ते २०२१ नंतर. पट्टा हाती असलेल्या, खनिज उघड्यावर दिसणाऱ्या डोंगराची ही कथा. पट्ट्यापासून पहिल्या मालापर्यंत नऊ वर्षे, आणि स्थिर धंद्यापर्यंत चौदा. जिथे आज फक्त खुंट्या ठोकल्या आहेत, तिथला हिशेब आपणच करावा. खाणीच्या स्वामित्वधनावर चालणारा जिल्हा खनिज निधीसुद्धा खनिज बाहेर पडल्यावरच भरतो. सर्वेक्षणातून त्यात एक पैसा येत नाही.

मग आपल्या वाट्याला काय?

काहीच नाही असे नाही. सर्वेक्षणाच्या तुकडीला लागणाऱ्या बऱ्याच वस्तू आपल्याच लोकांच्या हातच्या आहेत. नमुने भरायला दोरीच्या जाड सुती पिशव्या लागतात, त्या मांजरपाटाच्या शिवता येतात. रेषेवर लावायला रंगीत कापडाच्या पट्ट्या, राहायला तंबू आणि ताडपत्री. सुताराकडे खुंट्या आणि दगडाच्या कांड्या ठेवायच्या खाचांच्या पेट्या. लोहाराकडे जमिनीत ठोकायच्या सळ्या. विजेच्या पद्धतीत मोरचुदाचे पाणी भरलेली, झिरपणारी, चकाकी न चढवलेली मातीची भांडीही वापरतात. हे काम कुंभाराच्या हातचे आहे. माप बरोबर आणि माल एकसारखा असेल तर तुकडी पुन्हा येते आणि दुसऱ्या तुकडीलाही नाव सांगते.

पण हा धंदा हंगामी आहे. पाऊस संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि तुकडी काही आठवड्यांत मुक्काम हलवते. शिवाय कंपनी एक, शोधाचा ठेका दुसऱ्याचा आणि मजूर तिसऱ्याचे, अशी साखळी असते. म्हणून बिल कोणाच्या नावे आणि पैसे कोण देणार, हे माल देण्याआधी लिहून घ्यावे. तुकडी हलण्याआधी खाते मिटवावे. लांब मुदतीची उधारी येथे नको.

आणि मोठी रक्कम गुंतवण्याआधी, मग ती जमीन असो, ट्रक असो की दुकानाचा गाळा, पाच प्रश्न विचारावेत. शोध कोणत्या पायरीवर आहे, जी-४ की जी-१? ड्रिलिंग झाले का? परवाना शोधाचा आहे की खाणपट्ट्याचा? वन आणि पर्यावरणाची मंजुरी मिळाली का? ग्रामसभेने काय म्हटले? ही माहिती जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारता येते. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

पाण्यातली मासळी आणि हवेतला पक्षी विकू नये, हा आपल्याकडचा व्यापाराचा जुना नियम. जमिनीखालचा दगड त्याहून वेगळा नाही. पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'माहीत नाही' असे आले, तर हंगामाचा माल रोखीने विकावा आणि कर्जाच्या कागदावर सही करू नये.