कृतज्ञतेचे नियोजन



वार्षिक अहवालाच्या या पृष्ठांवर देणगीदारांचे ऋण व्यक्त करण्याची प्रथा आहे. यंदा त्याच्या जोडीने एका विषयाची थोडी विस्ताराने माहिती द्यावी, असे वाटले. अकाली जन्मलेल्या बाळांचे पालक रुग्णालयाला जे देतात, आणि विचारपूर्वक योजना केल्यास जे देऊ शकतात, त्याविषयी हे लेखन आहे.

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ अकाली मानले जाते. फारच लवकर आलेल्या बाळाला कित्येक आठवडे नवजात अतिदक्षता विभागात राहावे लागते. त्या काळात आईवडील, आजीआजोबा यांचे परिचारिकांशी जे नाते जडते, ते अन्य कोणत्याही विभागात क्वचितच दिसते. पुढे बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला पेढे घेऊन कुटुंब येते आणि हमखास विचारते, "आम्ही काय देऊ?" ज्यांचे बाळ वाचू शकले नाही, असेही काही पालक येतात. त्यांचा प्रश्नही तोच असतो.

बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असते : एखादे यंत्र द्यावे आणि त्यावर बाळाच्या नावाची पट्टी लावावी. ही भावना आदरणीयच आहे. परंतु मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने माझी दृष्टी यंत्राच्या किमतीपेक्षा पुढील दहा वर्षांच्या खर्चाकडे आधी वळते. इनक्युबेटर एकदाच विकत घ्यावा लागतो, पण त्याची वार्षिक देखभाल, सुटे भाग, वीज, प्राणवायू आणि मुख्य म्हणजे रात्रपाळीची प्रशिक्षित परिचारिका यांचा खर्च अखंड चालू राहतो. बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळेवर होण्यासाठी तज्ज्ञ यावे लागतात. या कशावरही नावाची पट्टी लावता येत नाही. म्हणून त्यासाठी देणगी मिळणे कठीण जाते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवावयाच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. योजना चांगलीच आहे. तथापि, ज्या कुटुंबाचे उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा थोडेसेच अधिक आहे, त्याला तिचा लाभ नाही. दोन-तीन दिवसांचा उपचार असे कुटुंब कसाबसा पेलते. पाच-सहा आठवड्यांचा नाही. दागिने गहाण पडतात, नातेवाइकांची उसनवारी संपते आणि एके दिवशी बाप विचारतो की, बाळाला आता घरी नेले तर चालेल का. त्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांपाशी असते, त्यामागील कारण मात्र हिशेबाच्या टेबलावर असते. व्याज दरवर्षी निश्चित मिळेल असा कायम निधी असल्यास त्या बापाला 'राहू द्या' असे सांगता येते. सात टक्के दराने एक लाख रुपयांचे वर्षाला सात हजार होतात. एका कुटुंबाच्या एक लाखाने हे साधणार नाही, पण अनेकांच्या लाखांनी साधेल.

अशा दूरदृष्टीच्या देणग्या आपल्या परिसराला नवीन नाहीत. परळचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्याला संलग्न असलेल्या महाविद्यालयासाठी सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मिळकतीतून देणगी देताना, अध्यापक भारतीयच असावेत अशी अट विश्वस्तांनी लेखी घातली होती. परकीय राजवटीत ती केवढी अट होती! जमशेदजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये स्थापन झालेला न्यास आजही कार्यरत आहे. आणि पैशाविना दिलेले दानही विसरू नये. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तेथे एका मातेचे अधिकचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळते.

आता व्यवहाराकडे वळू. हयातीत कायम निधीसाठी देणगी द्यावयाची असल्यास, 'ही रक्कम कायम निधीत जमा करावी' असे पत्र धनादेशासोबत अवश्य द्यावे; लेखी निर्देशाशिवाय ती सर्वसाधारण देणगी समजली जाते. '८०-जी' या नावाने परिचित असलेली करसवलत साधारणतः देणगीच्या निम्म्या रकमेवर व उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेतच मिळते. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर, तसेच नवी करप्रणाली निवडलेल्यास ती मिळत नाही. परदेशी असलेल्या मुलांनी भारतीय नागरिकत्व राखले असेल, तर त्यांची स्वकष्टार्जित बचतीतून बँकेमार्फत आलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असल्यास मात्र वेगळा कायदा लागू होतो. पैसे पाठविण्यापूर्वी कार्यालयात विचारावे.

मृत्युपत्राद्वारे देणगीचा मार्ग आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. पाश्चात्त्य देशांत वारसा कराच्या ओझ्यामुळे त्याला चालना मिळते. आपल्याकडे मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झाला. येथे जो देतो तो करासाठी देत नाही, हे मला तरी समाधानाचे वाटते. नौपाड्यात मात्र या मार्गाला विशेष अर्थ आहे. येथील अनेक ज्येष्ठांची बँकेतील शिल्लक बेताची असते, परंतु पुनर्विकासानंतरच्या राहत्या घराचे मोल फार मोठे असते. हयातीत ते घर देणे कोणालाच शक्य नाही, आणि कोणी देऊही नये. नोंदणीकृत बक्षीसपत्र सहजी फिरविता येत नाही. मृत्युपत्र अखेरपर्यंत बदलता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेणे श्रेयस्कर. रुग्णालयाचे विश्वस्त वा कर्मचारी यांनी साक्षीदार होऊ नये.

दोन गोष्टी वकिलांकडून नीट समजून घ्याव्यात. सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून सदनिका रुग्णालयाच्या नावे करण्याऐवजी 'एक्झिक्युटरने विक्री करून येणाऱ्या रकमेचा अमुक हिस्सा द्यावा' अशी तरतूद सहसा सोयीची पडते. दुसरे, केवळ नॉमिनेशन पुरेसे नाही. नॉमिनी हा सर्वसाधारणपणे वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे; समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. मुलांचा हिस्सा आधी ठरवावा, त्यांना विश्वासात घ्यावे आणि मगच रुग्णालयाचा विचार करावा. घरात कलह निर्माण करणारी देणगी आम्हालाही नको.

उद्देशाचे शब्द शक्य तितके व्यापक असावेत. १९५९ पूर्वी अशा बाळांच्या फुप्फुसांत कोणत्या द्रव्याची उणीव असते, हेही वैद्यकाला ठाऊक नव्हते. आज ते द्रव्य औषध म्हणून दिले जाते. 'इनक्युबेटर खरेदीसाठी' असे लिहून ठेवल्यास वीस वर्षांनंतर विश्वस्तांचे हात बांधले जातील. 'अकाली जन्मलेल्या बाळांच्या उपचारांसाठी' इतके पुरे.

बाळ विभागात असेपर्यंत त्याच्या पालकांकडे देणगीचा विषय काढावयाचा नाही आणि त्यांनी काढल्यास रक्कम स्वीकारावयाची नाही, असा संकेत आम्ही पाळतो. आपल्या उपचारांचा दर्जा देणगीवर अवलंबून आहे, अशी शंकाही त्यांच्या मनात येता कामा नये. बाळ घरी गेल्यावर, ते रांगू लागल्यावर, सवडीने यावे. मृत्युपत्रातील मजकुराचा नमुना प्रशासकीय कार्यालयात विनामूल्य मिळेल. तो आपल्या वकिलांना दाखवूनच वापरावा.