उन्हाळ्यातले भाजक्या कैरीचे पन्हे

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हावर उतारा पन्ह्याचा.

दोन मध्यम कैऱ्या निखाऱ्यावर किंवा गॅसवर साल काळी पडेपर्यंत भाजाव्यात. गार झाल्यावर साल काढून गर कोयीपासून सोडवावा. गराच्या दीडपट गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ आणि वेलची घालून मिश्रण घोटावे. कैरी फार आंबट असल्यास गूळ वाढवावा. दोन चमचे मिश्रण पेलाभर माठातल्या पाण्यात ढवळले की पन्हे तयार. मीठ व गुळामुळे घामावाटे गेलेले क्षार काही प्रमाणात भरून निघतात. उरलेला गर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो.