कुत्र्याला शेंगाचटणी-भाकरी देताय? आधी हे वाचा

अक्कलकोट-सोलापूरकडे उरलेली भाकरी आणि शेंगाचटणी अनेकदा घरच्या कुत्र्याच्या वाट्याला येते. साधी भाकरी थोडी चालते. चटणीतला लसूण मात्र नाही. लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवूनही धोका टळत नाही. त्रास काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे खरं कारण लक्षातच येत नाही. द्राक्षं आणि बेदाणेही नकोतच. कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

विकतचं खाणं घेताना किमतीपेक्षा पॅकेटची मागची बाजू बघा. तो पूर्ण आहार आहे की नुसता खाऊ? कोणत्या वयासाठी? मांजराला टॉरिन लागतंच, म्हणून कुत्र्याचं खाणं तिला रोज देऊ नका.

हिरड्या फिकट किंवा लघवी लालसर दिसली, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.